व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी दर खेपेला अंड्यांवर अडकते? वाळू नंतर, आधी ताटली बघा

तुमची मादी आत्ता दिवसाढवळ्या डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसली असेल, पोट टम्म आणि फांदी धरायची पण ताकद नाही, तर हे वाचत बसू नका. सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट गाठा, आजच, उद्या सकाळी नाही. बाकीचं परत येऊन वाचा.

ज्यांची मादी आज तरी धड आहे पण मागच्या दोन-तीन खेपांना अंडी घालताना तिचे हाल झाले, त्यांच्यासाठी लिहितेय. गोष्ट सगळ्यांची सारखीच असते, ती चार दिवस नुसती खाली फिरते, उकरते, अर्ध्यात सोडते, परत वर जाते, खाणं बंद, शेवटी डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर कुठे सुटका होते, आणि तीन-साडेतीन महिन्यांनी पुन्हा तोच खेळ. आणि मला विचारणाऱ्यांच्या प्रश्नासोबत फोटो येतो तो नेहमी अंडी घालायला ठेवलेल्या वाळूच्या टबाचा. टब पुरतोय का, वाळू बरोबर आहे का. मी पण सहा वर्षांपूर्वी हेच विचारत हिंडत होते, म्हणून मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

मी डॅलसजवळ राहते. माझ्याकडे सगळे व्हेल्ड, म्हणजे डोक्यावर शिखर असलेला येमेन आणि सौदीच्या नैऋत्य डोंगरांतला मोठा शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. नर शेपटीसकट दोन फुटांपर्यंत जातो, मादी फूटभर, आणि शिखर पण बेताचं. (भारतातून विचारणाऱ्यांसाठी आधीच सांगते, आपला जो शॅमेलिऑन आहे, आमच्या गावाकडे घोयरा म्हणतात, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, झाडावरून उचलून घरी आणायचा नाही, फोटो काढा आणि सोडून द्या. परदेशी जातींची पण आता सरकारकडे नोंद लागते, त्यामुळे कोणी "पेपरची गरज नै ताई" म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा.)

माझी पहिली मादी ठकी. चार महिन्यांची असताना आणली आणि आजी नातवाला भरवते तशी मी तिला भरवली. ती डोळे फिरवून माझ्याकडे बघायची आणि मला वाटायचं भूक लागलीय. खरं तर शॅमेलिऑन खाऊ दिसलं की खाणारच, त्याला पुरे कळत नाही, मला पण तेव्हा कळत नव्हतं. रोज दहा-बारा क्रिकेट, म्हणजे रातकिडे, वर लाड म्हणून हॉर्नवर्म, त्या जाड हिरव्या अळ्या. आठव्या महिन्यात पहिली खेप, अट्ठावन्न अंडी. मी फोटो काढून सगळ्या घरादाराला पाठवले, केवढा अभिमान! दुसरी खेप साडेतीन महिन्यांनी, एकाहत्तर. तिसऱ्या खेपेला अडकली, इंजेक्शन झालं, सुटली. चौथ्या खेपेला गेली. दोन वर्षांची पण नव्हती.

आणि या सगळ्यात नर नव्हताच बरं का. हे नवीन लोकांना खरंच माहीत नसतं. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी घालते तशी व्हेल्डची मादी पण घालते, फलित नसतात एवढंच, पण अंगातून जायचं ते सगळं जातंच. "माझ्याकडे एकटीच आहे, मला टब कशाला" असं म्हणणाऱ्यांची मादी एक दिवस मेलेली सापडते आणि पोटात पन्नास अंडी निघतात.

दर खेपेला मी काय केलं माहितीय? टब बदलला. मोठा आणला, मग खोल आणला, मग वाळू बदलली, मग वाळूत माती घातली, पिंजऱ्याला पडदा लावला. यातलं काही चुकीचं नव्हतं, पण मी रोग्याला सोडून खाटेला औषध देत होते. दुसरी मादी गंगू आणल्यावर मात्र नवऱ्याने स्वयंपाकघरातला डिजिटल काटा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला दर रविवारी वजन कर आणि काय खाल्लं ते वहीत लिही. लिहायला लागले तेव्हा दिसलं की मी परत तेच करतेय, वजन चढतंय ते वाढीचं नाही, अंड्यांचं आहे.

का होतं हे

येमेनच्या डोंगरात पाऊस येतो, हिरवं होतं, किडे माजतात, तेव्हा मादीचं शरीर समजतं की आता पिल्लं जगतील, आणि अंडी भरायला घेतं. मग कोरडा काळ येतो, खायला कमी, शरीर गप्प बसतं. आपण पिंजऱ्यात बाराही महिने श्रावण लावून ठेवतो. वर ऊबदार दिवा, खाली भरलेली ताटली, पाणी तर आहेच. शरीर बिचारं म्हणतं मोसम चालू आहे, भरा अजून. किती अंडी धरायची ते खूप आधी ठरतं, पोटात नुसते पिवळे बलक वाढत असतात तेव्हा, खायला किती मिळतंय आणि ऊब किती आहे यावर. ती टबात उतरते तोपर्यंत हिशोब कधीच झालेला असतो.

आता साठ-सत्तर अंडी म्हणजे काय ते बघा. प्रत्येक अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं, ते खाण्यातून पुरलं नाही तर हाडातून जातं. आणि अंडी बाहेर ढकलायला जे स्नायू आवळायचे असतात त्यांना पण कॅल्शियमच लागतं. म्हणजे सगळ्यात जास्त जोर लावायच्या दिवशीच खजिना रिकामा. त्यात पाणी कमी पडलेलं असेल, किंवा वय कमी, किंवा हाडं आधीच मऊ होऊन कंबरेचा घेर वाकडा झालेला, किंवा एखादं अंडं वेडंवाकडं, की अडकलंच. म्हणून एका मादीची एकदा अडकली तर वाईट नशीब म्हणा, पण दर खेपेला अडकत असतील तर चूक त्या आठवड्यातली नाही, दोन-तीन महिने आधीची आहे.

ताटली

गंगूला आता आठवड्यातून तीन दिवस खायला मिळतं, सोमवार बुधवार शुक्रवार, दर वेळी तीन, फार तर चार किडे. डुबिया झुरळं किंवा क्रिकेट, मधून रेशीमकिडे. हॉर्नवर्म म्हणजे श्रीखंड, सणासुदीला एक. सुपरवर्म, म्हणजे भुंग्याच्या मोठ्या अळ्या, मी बंदच केले. एवढंसं ऐकून सगळे म्हणतात उपाशी मारते का, माझी आई तर व्हिडिओ कॉलवर रोज विचारायची गंगू जेवली का, आणि "नाही, आज मंगळवार आहे" म्हटलं की चेहरा पाडायची. पण गंगू साडेचार वर्षांची आहे, चढते, उतरते, रागावते, पोथॉसची, म्हणजे मनीप्लांटची, पानं कुरतडते (व्हेल्ड पानं खातात, घाबरू नका, फक्त झाडावर फवारलेलं काही नको). आत्तापर्यंत तीनदाच अंडी घातली, शेवटची एकोणीस, आणि गेल्या वर्षी एक पण नाही.

पण हे एका दिवसात करायचं नाही. पिल्लू वाढतंय तोवर त्याला वाढू द्या, सहा महिन्यांच्या आसपास वाढ मंदावली की हळूहळू कमी करत न्या, महिना-दीड महिना लावा. आणि जी मादी आधीच अंडी धरून बसलीय तिचं खाणं अजिबात तोडू नका! ही चूक मी लोकांना करताना पाहिलीय, लेख वाचतात आणि गाभण मादीला उपास घालतात. ती खेप ठरलेली आहे, आता तिला कॅल्शियम आणि पाणी हवंय, ती खाईल तेवढं द्या. कपात पुढच्या खेपेसाठी.

दिवा तितकाच महत्त्वाचा, पण लोक ताटली कमी करतात आणि दिवा तसाच ठेवतात. दुकानातला माणूस नर-मादीला एकच बल्ब देतो आणि फांदीवर ९० डिग्री फॅरनहाइट, म्हणजे ३२ सेल्सियस, सहज होतात. नराला ८५ पर्यंत ठीक. मादीला फांदीवर ८० पुरे, म्हणजे २६-२७ सेल्सियस. मोजायचं ती बसते तिथे, पाठीच्या उंचीला, पिंजऱ्याच्या भिंतीला चिकटवलेला गोल काटा कामाचा नाही. रात्री दिवा-हीटर काही नको, ६५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे १८ सेल्सियस, उतरलं तरी त्यांना चालतं, उलट बरं असतं. इथे उन्हाळ्यात आम्ही रात्री एसी लावतो तर पुण्याहून आलेली पाहुणी म्हणाली सरड्याला थंडी वाजेल. सरड्याचं सोडा, तिलाच स्वेटर द्यावा लागला.

कॅल्शियमचं थोडक्यात. साधी पावडर, डी-थ्री (व्हिटॅमिन डी) नसलेली, दर जेवणाला किड्यांवर हलकी भुरभुरायची, गुलाबजामला साखर लावतात तेवढी नको. डी-थ्री आणि व्हिटॅमिनवाली महिन्यातून दोनदा. क्रिकेटमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून हे करावंच लागतं, आणि किड्यांना पण चांगला भाजीपाला घालायचा, उपाशी किडा म्हणजे रिकामी पिशवी. पण ही पावडर अंगी लागायला यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, लागतो. लांब ट्यूब घ्या, टी-फाइव्ह म्हणतात ती बारीक, तो जिलबीसारखा वळवलेला छोटा बल्ब पुरत नाही. ट्यूब वर्षाने बदला, उजेड दिसतो म्हणून यूव्हीबी येतोच असं नाही. आणि खिडकीतलं ऊन धरू नका, काच यूव्हीबी अडवते, हे मला एक वर्ष माहीत नव्हतं, ठकीचा पिंजरा मी मुद्दाम दक्षिणेच्या खिडकीत ठेवला होता आणि स्वतःवर खूश होते.

आता टब

टब लागतोच, ताटली सुधारली तरी. मादी चार-पाच महिन्यांची झाली की टब पिंजऱ्यात कायमचा ठेवून द्या, "दिसायला लागलं की ठेवू" म्हणणारे उशीर करतात. फूटभर लांब, फूटभर रुंद, आणि वाळू फूटभर खोल, कमी नको, ती बोगदा करून आत पूर्ण उतरते आणि मग उलटी फिरून बसते. वाळू मुलांच्या खेळण्याची धुतलेली बारीक, आणि ओल इतकीच की मुठीत दाबली तर लाडू बांधला जावा पण पाणी गळू नये. मग बोट खुपसून भोक करा, भोक टिकलं तर बरोबर, ढासळलं तर ओल कमी. खाली पाणी साचलं तर जास्त. व्हर्मिक्युलाइट (कुंड्यांत घालतात ते हलकं, पाणी धरणारं खनिज) टबात घालू नका, त्यात बोगदा टिकत नाही, ते इनक्युबेशनला, म्हणजे अंडी उबवायला.

ठिकठिकाणी उकरून सोडून देते याची कारणं दोनच निघतात बहुतेक वेळा. एक, वाळू ढासळते. दोन, तिला कोणीतरी बघतंय. दुसरं कारण लोकांना पटत नाही. ठकीच्या दुसऱ्या खेपेला आई इथे आली होती, ती पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसली, बिचारीला अशा वेळी एकटीला कसं सोडायचं म्हणे. ठकीने अर्धा बोगदा केला, मान बाहेर काढली, आईला बघितलं आणि वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी आईला खोलीबाहेर काढून जुनी चादर टाकली आणि त्या संध्याकाळी ठकी उतरली. मादीने उकरताना तुम्हाला पाहिलं की तिच्या लेखी जागा उघडी पडली. चादर टाका, फोनचा कॅमेरा आत लावा, मुलांना, कुत्र्याला खोलीबंदी. दुसरा शॅमेलिऑन त्याच खोलीत दिसत असेल तर मध्ये पुठ्ठा लावा. फवारा, पाणी चालू ठेवा पण हात आत घालू नका.

रात्री ती बोगद्यातच झोपली तर झोपू द्या, ओढून काढू नका. अंडी घालून झाली की ती वाळू परत लोटून वरून पायाने थापते, अगदी आपण कुंडीत माती दाबतो तसं, आणि बाहेर येते तेव्हा सुकलेली, चिखलाने माखलेली असते. लगेच भरपूर पाणी, लांब फवारा, आणि पुढचे तीन-चार दिवस नेहमीपेक्षा जास्त खायला, कॅल्शियम लावून. आईला हे पटलं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू लागतातच म्हणाली. मग परत सोमवार-बुधवार-शुक्रवार. टबात उरलेले क्रिकेट फिरू देऊ नका, रात्री झोपलेल्या प्राण्याला चावतात.

नेहमीचं चाललंय की बिघडलंय, कसं ओळखायचं

रंग गडद होणं, त्यावर पिवळे आणि निळसर ठिपके उठणं, पोट द्राक्षं भरलेल्या पिशवीसारखं गाठीगाठीचं दिसणं, आठवडाभर खाणं मंदावणं, खाली येऊन कोपरे उकरणं, हे सगळं ठीक. ती चालतेय, चढतेय, डोळे उघडे आणि टपोरे आहेत तोपर्यंत थांबा, चादर टाका.

दोन दिवस उकरून तिसऱ्या दिवशी पण काही नाही आणि ती थकलेली दिसतेय, तर व्हेटला फोन करून अपॉइंटमेंट घेऊन ठेवा, लागली नाही तर रद्द करा. डोळे खोल गेलेत, दिवसा मिटतेय, तोंड उघडं ठेवतेय, फांदीवरून पडतेय, किंवा थोडीच अंडी घालून थांबलीय आणि पोट अजून गाठीगाठीचं आहे, तर आज. काही अंडी घातली म्हणजे सुटली असं समजू नका, ठकीच्या तिसऱ्या खेपेला मी तिथेच फसले, चौदा अंडी दिसली आणि मी निवांत झाले.

घरी काय नाही करायचं ते सांगते कारण मला सगळं सुचवलं गेलंय. पोट दाबायचं नाही, अंडं आत फुटलं की संपलं. कोमट पाण्यात बसवायचं नाही, इगुआनाला आवडत असेल, शॅमेलिऑनचा जीव जातो ताणाने. एरंडेल, तूप, काही नाही. आणि कुणाच्या ओळखीने ऑक्सिटोसिन (अंडी बाहेर ढकलायला लावणारं हार्मोन) मिळवून टोचायचं तर मुळीच नाही.

व्हेट सहसा आधी एक्स-रे काढतो. त्यात कवचाची अंडी दिसतात, किती आहेत, एखादं मोठं किंवा चिकटलेलं आहे का, आणि हाडांची अवस्था पण कळते. कधीकधी एक्स-रेत अंडीच दिसत नाहीत, नुसते बलक वाढून तिथेच थांबलेले असतात, ते सोनोग्राफीत दिसतात. ही दुसरी भानगड आहे, इथे तुमचा टब कितीही चांगला असला तरी काही उपयोग नाही कारण घालायला अंडंच तयार झालेलं नाही. कवचाची असतील आणि वाट मोकळी असेल तर आधी सलाइन-पाणी, कॅल्शियमचं इंजेक्शन, मग हार्मोन. ते सरड्यांवर कासवांइतकं हमखास चालत नाही, आणि वाट बंद असताना दिलं तर घात होतो, म्हणून एक्स-रे आधी. नाहीतर ऑपरेशन. एकदा अडकलेल्या मादीचं अंडाशय काढून टाकायचा पर्याय असतो, खर्च बराच आहे, भूल द्यायची म्हणजे धोका पण आहे, पण तब्येत चांगली असताना केलं तर निभावायची शक्यता जास्त, मरणाच्या दारात नेऊन नाही. आमचा पहिला व्हेट कुत्र्यामांजरांचा होता, भला माणूस होता पण त्याने "सरडे असेच असतात, वाट बघा" म्हणून दोन दिवस घालवले. अमेरिकेत असाल तर एआरएव्ही म्हणून सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या व्हेटांची संघटना आहे, त्यांच्या यादीतून जवळचा डॉक्टर मादी धडधाकट असतानाच शोधून ठेवा.

पिल्लंच हवी असतील तर

आधी हिशोब करा, तीस अंडी उबली तर तीस डबे किंवा पिंजरे, तीस तोंडं आणि बारीक फळमाश्यांची शेती. मी एकदाच केलं. मादी वर्षाची झाल्याशिवाय नाही, आणि नर दाखवल्यावर ती काळी पडून तोंड वासून फुसफुसायला लागली तर त्याच क्षणी वेगळे करा, जबरदस्ती नाही. तयार असेल तर शांत, फिक्या हिरव्या-निळ्या रंगावर राहते. दोघांना कायमचं एकत्र कधीच ठेवायचं नाही. एकदा जोडी लागली की साधारण महिनाभरात खेप येते आणि मादी नराचं बीज साठवून ठेवू शकते, त्यामुळे नर परत न दाखवता पुढची खेप पण फलित निघाली तर भुताटकी समजू नका. आणि फलित खेपेला सुद्धा ताटलीचा नियम तोच. पंचवीस चांगली अंडी सत्तर मरतुकड्या अंड्यांपेक्षा बरी, मादी पण राहते.

इनक्युबेशनमध्ये लोक जे विचारतात ते पटकन. अंडं जसं सापडलं तसंच ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलने बारीक खूण करा, उलटं करू नका. डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट, दाबलं तर थेंब न पडणारं, अंडी अर्धी पुरलेली, झाकणाला एक-दोन बारीक भोकं. ७८ ते ८२ फॅरनहाइट, म्हणजे २६ ते २८ सेल्सियस, आणि सहा ते नऊ महिने धीर. पहिल्या महिन्यात अंड्याला खळगा पडला तर कोरडं झालंय, कडेने थोडं पाणी घाला, अंड्यावर नाही. फुगून फुटायला आली तर ओल जास्त. पिवळं पडून बुरशी धरली आणि चपटं झालं तर ते गेलं, काढा, पण नुसती थोडी बुरशी आहे आणि अंडं टणक पांढरं आहे तर पुसून राहू द्या, माझी तशी दोन उबली. शेवटी अंड्याला घाम येतो आणि ते आक्रसतं, तेव्हा घाबरून पाणी ओतू नका. पिल्लू डोकं बाहेर काढून दिवसभर तसंच बसतं, ओढायचं नाही, आत बलक शोषून घेत असतं. सगळी पिल्लं पूर्ण वाढून अंड्यातच मेली तर इनक्युबेटर गरम चालतोय का बघा आणि आईला अंडी धरायच्या आधी काय खायला घातलंत ते बघा, परत ताटलीच. नर-मादी त्याच दिवशी कळतं, नराच्या मागच्या पायाला बारीक टाच असते.

मोठ्या इतर जाती पाळणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका. पँथर शॅमेलिऑनच्या मादीला खाणं आणि ऊब कमी ठेवायचा मुद्दा चालतो, अंडी कमी असतात पण तिचं आयुष्य पण कमी असतं, आणि तिची अंडी उबायला कधी सहा महिने कधी वर्ष लागतं. पार्सन शॅमेलिऑन म्हणजे सगळ्यात थोराड, मादागास्करच्या पूर्वेकडचा, त्याचा जीवच थंड आणि सावकाश, अंडी दीड-दोन वर्षं उबतात, तिथे व्हेल्डचा दिवा लावलात तर प्राणीच भाजाल. तीन शिंगांचा जॅक्सन तर थेट पिल्लं देतो, टबाचा प्रश्नच नाही, तरी एका गृहस्थांनी त्याच्यासाठी वाळू भरून ठेवली होती आणि मादी अंडी का घालत नाही म्हणून मला विचारत होते.

मला विचारायचं असेल तर मादीचं वय, मागच्या चार आठवड्यांची वजनं, आधीच्या खेपा कधी आणि किती, फांदीवरचं तापमान, ट्यूब कधी बदलली, आणि आठवड्यात नक्की किती किडे खाते ते मोजून लिहा. "थोडेसेच देते" असं लिहू नका, मी पण ठकीला थोडेसेच देत होते. टबाचा फोटो नंतर पाठवला तरी चालेल.